जहाजाखालचा अंगठा

४ मार्च

पत्र लिहायचं नाही असं आपलं ठरलं होतं. म्हणजे तू ठरवलंस आणि मी मान हलवली. तरी लिहितो आहे, कारण काम आहे.

आज सकाळी कार्यालयात दर्जा ठरवायला आलेल्या नाण्यांचा जो ट्रे माझ्या टेबलावर आला त्यात आपलं नाणं होतं. जहाजाचं. आपली फौजदार जन्मली तेव्हा तुझ्या वडिलांनी तिच्या मुठीशेजारी ठेवलं होतं ते. आमच्याकडे नाण्याबरोबर मालकाचं नाव येत नाही, फक्त नंबर येतो. पण झेंड्याच्या वर, कडेला, चिमटा काढल्यासारखी जी खूण आहे ती दुसऱ्या नाण्याला नेमकी त्याच जागी असणं शक्य नाही. मी ट्रे खाली ठेवला आणि पाणी पिऊन आलो. परत येऊन पाहिलं तर तेच होतं.

ते तुझ्यापाशी आहे असं मी धरून चाललो होतो. तू जाताना बॅगेत ठेवलेलं मी पाहिलं होतं. तू स्वतः विकायला दिलं असशील तर मी काही विचारणार नाही. तुला न सांगता कोणी दिलं असेल तर तुला कळायला हवं.

दुसरी गोष्ट. त्याच्यावर काहीतरी लावलेलं आहे. जहाजाच्या खाली, लाटा संपतात आणि वर्ष सुरू होतं त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर. सरळ धरलं तर काही दिसत नाही. दिव्याखाली तिरकं करून फिरवलं की बाकीच्या चांदीवरून उजेड चाकासारखा फिरतो आणि तेवढ्या जागी अडखळतो. असं रोज बघतो आम्ही. कोणी मेण भरून ओरखडा बुजवतं, कोणी धुरी देऊन काळपटपणा आणतं, कोणी घासून खोटी चमक काढतं. तुला मी हे इतक्या वेळा सांगितलं आहे की तू एकदा म्हणालीस, "जेवताना तरी तुमच्या चोरांना बाहेर बसवा."

घरचं नाणं आपण तपासायचं नाही असा नियम आहे. मी उठून मोठ्या साहेबांकडे गेलो.

"हे माझ्या घरातलं आहे."

"चोरीला गेलं होतं का?"

"नाही."

"मग विकायचं होतं तर आधी मला विचारायचं. घरातल्या घरात सौदा झाला असता."

मी हसलो नाही तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. नाणं पलीकडच्या टेबलावर गेलं, आमच्या शेजारणीकडे. तीच, जिच्या हातातलं भिंग हिसकावून फौजदारने तिच्याच नाकातले केस मोजायला घेतले होते.

आमच्याकडे एक यंत्र आहे, ते धातूवर दुसरं काय बसलं आहे ते सांगतं. शेजारणीने कागद वाचला. "नेलपॉलिश," ती म्हणाली. "बिनरंगाचं. मेण नाही, लाख नाही, चक्क पर्समधलं. कोण हा विद्वान?" मग तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि नाणं दोनदा फिरवून पाहिलं.

"खाली ठसा आहे," शेवटी म्हणाली. "बोटाचा." आणि मग हळू आवाजात, "लहान आहे हो."

मी बघितलं नाही. जेवणाची सुट्टी झाली होती.

ज्याने नाणं पाठवलं त्याने "गरज वाटल्यास सफाई करावी" याला होकार दिला आहे. म्हणजे ते अ‍ॅसिटोनमध्ये जाईल, पॉलिश विरघळेल आणि त्याबरोबर खालचं सगळं. साहेबांना मी थोडं थांबायला सांगितलं आहे. तुझं काय म्हणणं आहे ते कळव. फोन नको असेल तर एक ओळ लिही.

इकडे सगळं ठीक.

९ मार्च

तुझं काही आलं नाही, म्हणून तुझ्या भावाला फोन केला. तो माझा आवाज ऐकून आधी दचकला. "भाऊजी, तुम्ही? ताईला बरं आहे ना?" असं विचारलं. तू त्याच्या गावात राहतेस आणि तुझी खबर तो मला विचारतो, यावरून काय समजायचं ते मी समजलो.

तो म्हणाला, "बाबांचा संग्रह विकायचं ठरलंच होतं. ताईकडे बाबांचा एक डबा होता. ती म्हणाली, घेऊन जा, मला एकही नको. मी पूर्ण डबा दिला."

"त्यात हेही आहे हे तिला माहीत होतं?"

तो म्हणाला, "ताई हल्ली डबे उघडत नाही, भाऊजी."

त्याने नाणं मागे घेतलं आहे. माझ्या हाती द्यावं असं कार्यालयाला कळवलं. वर म्हणाला, "पण ताईला तुम्हीच सांगा. माझ्याने ते होणार नाही." तुला हे पत्र दारातच फाडायचं असेल तर आधी एवढं वाच: नाणं सुरक्षित आहे, सफाई झालेली नाही, माझ्याकडे आहे.

काल मी ते बघितलं. सगळे जेवायला गेल्यावर शेजारणीच्या मायक्रोस्कोपखाली ठेवलं.

अंगठा आहे. उजव्या हाताचा. रेषा मधोमध गोल वळून डावीकडे खाली उतरतात. नेहमी ठसे सापडतात ते सरकलेले असतात, पुसटलेले असतात, कारण माणूस निष्काळजीपणे हात लावतो आणि उचलतो. हा तसा नाही. कुणीतरी अंगठा सरळ ठेवला, दाबला आणि सरळ वर उचलला. फौजदारला नाणं कडेने धरायला मी ती बोलायला लागण्याआधी शिकवलं होतं. तिच्याकडून नाण्याच्या तोंडाला कधी बोट लागलेलं मला आठवत नाही. मी घरी आलो की माझे हात उलटेसुलटे करून बघायची, "आज कुठे कुठे हात लावलात?" म्हणून. ती फौजदार स्वतः असं करेल हे मला पटत नाही. तू तिचा हात धरून ठेवलास का?

पॉलिशबद्दल आणखी एक. ते ब्रशने फासलेलं नाही. ब्रश टेकवला असता तर ठसा पुसला असता. वरून थेंब सोडला आहे आणि तो आपसूक पसरू दिला आहे. शेजारीण म्हणाली, "ज्याने केलं त्याचा हात चांगला आहे, घेऊ या आपल्याकडे."

मी नाणं तिच्यासमोरून उचलून घेतलं. कारण पॉलिशच्या वरच्या बाजूला, काठाला, दुसरं एक बोट आहे. वाळलं का ते बघायला कुणीतरी टेकवलेलं. मोठ्या माणसाचं, आणि त्याच्या मधून एक आडवी रेघ जाते. डब्याच्या झाकणाने तुझं बोट कापलं होतं तेव्हा मीच पट्टी बांधली होती.

म्हणजे खाली तिचा अंगठा आणि वर तुझं बोट. हे मी शेजारणीला सांगितलेलं नाही.

दवाखान्याच्या जिन्यात तू जे म्हणालीस, "नाण्यावरचा केसाएवढा ओरखडा दिसतो तुम्हाला, पोरीच्या पायावरचे काळेनिळे डाग दिसले नाहीत?" त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नव्हतं. आताही देत नाही. फक्त सांगतो की बसमध्ये शाळेची मुलं चढली की माझी नजर डाग शोधत त्यांच्या पोटऱ्यांवर जाते. परवा एका बाईने आपल्या मुलीला उठवून दुसऱ्या बाजूला बसवलं. तिचं बरोबर होतं. माझ्याकडे बघून मीही बसवलं असतं.

नाणं मी हॉलमधल्या कपाटात ठेवलं आहे. मी हल्ली हॉलमध्येच झोपतो.

१७ मार्च

तुझं पत्र शनिवारी आलं. पाकिटावरचं अक्षर बघून आधी मी ते वीजबिलाखाली ठेवलं आणि भांडी घासली.

तू लिहिलं आहेस: "मी हात धरला नव्हता. मी चादर बदलत होते. ती नाणं कडेने धरून बराच वेळ दिव्यापाशी फिरवत बसली होती, थेट तुमच्यासारखी, एक डोळा मिटून. मग मधोमध अंगठा दाबला. मी ओरडले, अगं बाबा काय म्हणतील. तर म्हणते कशी, बाबांना सांगायचं नाही. कोणाचा आहे ते त्यांना शोधू दे."

पुढचंही मी वाचलं. की तू मला दाखवणार होतीस. की ती गेल्यावर दाखवावंसं वाटलं नाही, कारण मी तिसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन कामाला गेलो आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळेला परत आलो. की पॉलिश तू लावलंस, कारण मीच एकदा जेवताना सांगितलं होतं की जुने संग्राहक नाण्याला हवा लागू नये म्हणून वरून वार्निशचा हात देत.

आज मी कामाला गेलो नाही. बरं नाही असं कळवलं. शेजारणीने फोनवर विचारलं, "ताप आहे?" मी हो म्हटलं. "तुमचा आवाज ताप आल्यासारखा नाही," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तू शेवटी विचारलं आहेस, "टिकेल का ते खरं सांगा. डॉक्टरांसारखं बोलू नका."

तर खरं सांगतो. हे लिहू नये असं दोनदा वाटलं, पण तू विचारलं आहेस.

बोटाचा ठसा म्हणजे घाम आणि तेल. उघडा राहिला तर त्यातलं मीठ हवेतल्या ओलाव्याबरोबर चांदीला हळूहळू खातं. आधी पिवळट दिसतो, मग तपकिरी, आणि मग तो धातूतच उतरतो. त्यानंतर धुवा, अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा, काही करा, जात नाही. आमच्या कामात ही सगळ्यात वाईट खराबी. असं नाणं आलं की आम्ही दर्जा खाली आणतो आणि मालक भांडायला येतो.

तिचा ठसा उघडा राहिला असता तर एव्हाना चांदीत उतरला असता. तू हवा बंद केलीस, म्हणून तो तिथेच थांबला आहे, पॉलिशमध्ये अडकून. पॉलिश आहे तोवर तो आहे. आणि पॉलिश टिकत नाही. ते पिवळं पडतं, आखडतं, त्याला चिरा जातात. काही वर्षांत खालचं दिसेनासं होईल, मग ते आपोआप सुटून पडेल.

यात तुझी चूक नाही. तू अर्धंच ऐकलंस, कारण मी अर्धंच सांगितलं होतं. ठशाचं मी जेवताना कधी बोललो नसेन. ठसे इतके रोजचे असतात की त्यात सांगण्यासारखं काही नसतं.

आता काय करता येईल ते. एक, आहे तसं ठेवायचं, अंधारात, आणि दिसेल तोवर बघायचं. दोन, पॉलिशचा पापुद्रा न विरघळवता, काठाने सोडवून वर उचलायचा. थोडं जरी तेल चांदीवर राहिलं तर हवा लागल्यावर ठसा चांदीत उतरायला लागेल आणि मग कायमचा राहील. वर्षाच्या आकड्याकडच्या बाजूला एक तपकिरी रेघ मला दिसते. तिथून हवा शिरली असावी आणि ठसा आधीच उतरायला लागला असावा असं मला वाटतं. असं असेल तर पापुद्रा काढणंच बरं. पण तेल सगळं पापुद्र्याबरोबर निघून आलं तर चांदीवर काहीच राहणार नाही.

कुठल्या बाजूला झुकतं ते मला सांगता येत नाही. दुसऱ्या कुणाचं नाणं असतं तर मी "हात लावू नये" असं लिहून परत पाठवलं असतं.

तू ठरव. मी एकट्याने ठरवलेल्या गोष्टी तुला आवडत नाहीत, आणि ही तर तुम्हा दोघींची आहे.

सापडला, हे कुणाला सांगायचं ते मला कळत नाही. म्हणून तुला सांगतो.

२३ मार्च

तुझ्या भावाचा फोन आला. त्याला काहीच माहीत नाही, त्यामुळे निरोप तो पाढे म्हटल्यासारखा सांगत होता. "ताई म्हणाली, काढा. ताई म्हणाली, मला बोलावू नका. ताई म्हणाली, तुम्हाला सगळं दिसतं ना, मग तुम्हीच बघा." मग त्याने विचारलं, "भाऊजी, काय काढायचं आहे? दात?"

मी हो म्हटलं. "मग भूल देऊन काढा," म्हणाला.

तू रागाने म्हणालीस की विश्वासाने, ते निरोपातून कळत नाही. दोन्ही असेल. रविवारी दुपारी करतो. कार्यालयात घरचं काम करायचं नाही, म्हणून घरीच, ओट्याशेजारच्या टेबलावर. शेजारीण दिवा धरायला येणार आहे. तिला मी एवढंच सांगितलं की ठसा आमच्या मुलीचा आहे. ती म्हणाली, "ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुम्ही त्या दिवशी जेवायला गेला नव्हता, नुसते जिन्यात उभे होता."

तोवर विचार बदलला तर कळव. रविवारी दुपारपर्यंत मी काही करणार नाही.

२९ मार्च

रविवारी दुपारी वाट बघितली. तुझं काही आलं नाही. मग सुरुवात केली.

शेजारीण स्वतःचा दिवा पिशवीत घालून घेऊन आली. आपला दिवा बघून म्हणाली, "याच्यात तर डाळ निवडता येणार नाही." तिने चहा नको म्हटला, कारण चहाने तिचा हात हलतो. मी टेबलावर पांढरं कापड पसरलं, नाणं मऊ चौकटीत बसवलं. बांबूची बारीक काडी तासून घेतली होती, कारण सुईने चांदीवर ओरखडा जातो.

"बोलू की गप्प बसू?" तिने विचारलं.

"बोला."

मग ती बोलत राहिली. कुठल्याशा एका माणसाचं, ज्याने घासून चकचकीत केलेलं नाणं तपासायला आणलं आणि नापास झाल्यावर म्हणाला, बाई, मी आंघोळ घातली तर तुम्ही खून केल्यासारखं काय बघता. फौजदार एकदा कार्यालयात आली होती तेव्हा मोठ्या साहेबांच्या खुर्चीत बसून त्यांनाच "पुढचा" म्हणाली होती, ते. हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा खाली बस बघायला गेलो होतो.

काठ सुटायला बराच वेळ लागला. तुझं बोट ज्या बाजूला आहे तिकडून मी सुरुवात केली नाही. दुसऱ्या बाजूने केली, त्या तपकिरी रेघेकडून. काडी आत गेली आणि पापुद्रा सरकन उठला. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार सहज. चिकटून राहायला खाली काही नसलं की असं होतं. तेव्हाच मला कळलं. तरी मी थांबलो नाही, कारण अर्ध्यावर थांबलं तर तो फाटतो. तो फाटलाच. वरचा एक तुकडा निराळा झाला.

शेजारणीने दिवा खाली आणला. मी नाणं फिरवलं. उजेड कडेपासून कडेपर्यंत न अडखळता फिरला.

ती तपकिरी रेघ पॉलिशचीच होती. पॉलिश काठाला जुनं झालं होतं, तेवढंच. चांदीवर काहीही उतरलेलं नव्हतं. नव्या माणसाने अशी चूक केली असती तर मी त्याला पुन्हा मायक्रोस्कोपवर बसवलं असतं. मला ती रेघ जशी हवी होती तशी मी वाचली.

चांदी स्वच्छ आहे. इतक्या वर्षांत तेवढ्या जागेला हवासुद्धा लागलेली नाही, त्यामुळे बाकीच्या नाण्यापेक्षा तीच जागा उजळ आहे. शेजारीण सवयीने म्हणाली, "याला वरचा दर्जा मिळेल हो." मग तिने दिवा टेबलावर ठेवला. "मी काय बोलते आहे," असं म्हणाली आणि जाऊन ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मी बसून राहिलो. ती जाताना दिवा विसरून गेली, किंवा मुद्दाम ठेवून गेली.

नंतर मी पापुद्रा उलटा करून बघितला.

ठसा त्याच्यात आहे. तेल सगळं त्याच्याबरोबर निघून आलं आणि पॉलिश ओलं असताना रेषांच्या भोवती बसलं होतं, त्यामुळे प्रत्येक रेष दिसते. उलटा आहे, आरशातल्यासारखा. वळसा आता उजवीकडे उतरतो. चीर टोकाजवळून गेली आहे, मधला गोल शाबूत आहे. पापुद्र्याच्या वरच्या अंगाला तुझं बोट तसंच आहे, त्या आडव्या रेघेसकट.

दोन्ही तुकडे मी दोन काचांच्या मध्ये जुळवून ठेवले आणि कडा चिकटवल्या. टिकेल का असं तू पुन्हा विचारशील, म्हणून आधीच सांगतो. नाही. पिवळा पडेल, आखडेल. काचेत जरा सावकाश. मी बघतो तोवर आहे, तू बघशील तोवर असेल, त्यापुढचं मला माहीत नाही. चांदीत कायमचा राहील असं मला वाटलं होतं. तुला तशी आशा दाखवली, ती मी दाखवायला नको होती.

नाणं तुझ्या भावाकडे पाठवून दिलं आहे. त्याला विकू दे. तो तुला विचारायला येईल, तेव्हा हो म्हण. त्याच्यावर आता आपलं काही नाही, ते कुणाचंही आहे.

काच पाठवत नाही. पोस्टात पिचेल. तू ये, नाहीतर मला बोलव, मी मांडीवर ठेवून घेऊन येईन. आल्यावर बोलायलाच हवं असं नाही. पापुद्रा इतका पातळ आहे की समोरून बघितलं तर नुसती काच दिसते. दिवा खालून तिरका धरावा लागतो, आणि काच दोन्ही हातांनी धरावी लागते. रविवारी दिवा शेजारणीने धरला होता. तिला मी पुन्हा बोलावणार नाही.